सुरा, मेरय आणि गुळासव : पाचव्या शीलाच्या शब्दांचा एक ऐतिहासिक विचार

वर्षावासात प्रवचन आटोपल्यावर उपासक-उपासिकांना प्रश्न विचारण्यास वेळ दिला म्हणजे अलीकडे एक प्रश्न हमखास पुढे येतो. विचारणारे बहुधा शिकलेले तरुण असतात. साखरेच्या अथवा गुळाच्या पाण्यात आले, दालचिनी, मनुका असे काही घालून बरणी पंधरा-वीस दिवस झाकून ठेवली, तिला भट्टी लावली नाही, वाफ धरून अर्क उतरवला नाही, तर त्या पेयास दारू म्हणावे काय? त्याने पंचशीलाचा भंग होतो काय? जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्या वेळी 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य भर चौकात ऐकू आले. तेच आता विहाराच्या दारापर्यंत आले आहे.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेणाऱ्या लाखो लोकांनी 'दारू' या शब्दाचा अर्थ कोशात पाहिला नव्हता. तो त्यांनी आपल्या वस्तीत, आपल्या घरात पाहिला होता. त्यांच्या नातवंडांना मात्र शब्दाचा अर्थ विचारावासा वाटतो, आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही उपदेश बाजूस ठेवून केवळ पालि वाङ्मय आणि तत्कालीन इतर ग्रंथ काय सांगतात ते पाहणार आहोत.

पाचव्या शीलात तीन शब्द येतात : सुरा, मेरय आणि मज्ज. आपण ते एका दमात म्हणतो, त्यामुळे एकाच वस्तूची ती तीन नावे असावीत असा समज होतो. तो बरोबर नाही. विनयपिटकाच्या सुत्तविभंगात, पाचित्तियाच्या एक्कावन्नाव्या नियमाखाली, यांतील पहिल्या दोन शब्दांच्या काटेकोर व्याख्या दिल्या आहेत. सुरा पाच प्रकारची : पिठाची, अपुपांची म्हणजे भाजलेल्या पोळी-वड्यांची, भाताची, किण्व घातलेली आणि संभार मिसळलेली. मेरयही पाच प्रकारचे : फुलांचा आसव, फळांचा आसव, मधाचा आसव, गुळाचा आसव आणि संभार मिसळलेला. किण्व म्हणजे आंबवण घडवून आणणारे विरजण. संभार म्हणजे वास, रुची व जोर यांसाठी घालावयाची मसाल्याची द्रव्ये. धान्याची ती सुरा, गोड द्रव्यांचे ते मेरय, असा हा सरळ भेद आहे. मज्ज हा शब्द या दोहोंना व्यापून उरतो. मद आणणारे ते मज्ज.

आता ही यादी प्रश्नकर्त्याच्या बरणीशेजारी ठेवून पाहावी. गुळाचे पाणी आंबवून, मसाला घालून, न उकळता केलेले पेय यादीत चौथ्या व पाचव्या क्रमांकावर नावानिशी आहे. त्याचे नाव गुळासव. भट्टीचा तर व्याख्येत कोठे उल्लेखच नाही. म्हणजे ज्या पेयाला पाचव्या शीलातून सूट मिळावी असे सुचविले जाते, नेमक्या त्याच पेयासाठी शीलात एक स्वतंत्र शब्द योजलेला आहे.

हे पेय प्रत्यक्षात कसे करीत, हे विनयात नाही. असण्याचे कारणही नाही. ते कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते. दुसऱ्या अधिकरणाच्या पंचविसाव्या अध्यायात सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार येतात. त्यांतील मैरेय म्हणजेच आपले मेरय. मेषशृंगीच्या सालीचा काढा करावा, त्यात गूळ घालावा, आणि संभार म्हणून पिंपळी व मिरे, किंवा त्रिफळा मिसळावा, अशी त्याची कृती आहे. आसवासाठी एक तुला कवठ, त्याच्या पाचपट फाणित म्हणजे काकवी, आणि एक प्रस्थ मध असे प्रमाण दिले आहे. तुला म्हणजे शंभर पले. येथे कवठ केवळ रुचीपुरते असून खरी मद्याची सामग्री काकवी आहे, हे त्या एकास पाच या प्रमाणावरूनच उघड होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांचे चौऱ्याऐंशी प्रकार मोजले आहेत. धान्य, फळ, मूळ, सार, फूल, कांड, पान, साल अशा आठ योनींनंतर नववी योनी शर्करा होय.

या सर्व कृतींत घडणारी क्रिया एकच आहे, आणि तिचा उलगडा व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लुई पाश्चर यांनी १८५७ ते १८६० या काळात दाखवून दिले की आंबवण ही जिवंत सूक्ष्म जीवांची करणी आहे. हे यीस्ट नावाचे जीव साखर खातात व तिचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करतात. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १८० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून ९२ ग्रॅम मद्यार्क व ८८ ग्रॅम वायू होतो. बरणीत उठणारे बुडबुडे ते त्या वायूचे. मद्यार्काचे प्रमाण शेकडा बारा-पंधराच्या आसपास गेले की बहुतेक यीस्ट स्वतःच निर्माण केलेल्या मद्यार्कामुळे निपचित पडते. त्याहून तीव्र दारू हवी असेल तर ऊर्ध्वपातन करावे लागते. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो व पाणी १०० अंशांना, या फरकावर भट्टीचा सारा खेळ चालतो. परंतु भट्टी मद्यार्क निर्माण करीत नाही. जो बरणीत आधीच तयार झाला आहे तो ती फक्त वेगळा काढते. आपल्याकडील वैद्य आसव-अरिष्टांत धायटीची फुले घालतात, ती याच कामासाठी. त्या फुलांवर यीस्ट असते. प्राचीन मद्यकाराला यीस्ट ठाऊक नव्हते, पण कोणते फूल टाकले म्हणजे घागर 'उठते' हे त्याला पक्के ठाऊक होते.

येथे आम्हांस एका जातककथेची आठवण होते. कुंभजातकात (क्रमांक ५१२) सुरेच्या उत्पत्तीची कथा आहे. सुर नावाचा एक वनचर हिमालयात जातो. तेथे एका झाडाच्या तीन फांद्यांच्या बेचक्यात घागरीएवढी पोकळी असून तीत पावसाचे पाणी साठलेले असते. भोवतालच्या हिरड्याची व आवळ्याची फळे आणि मिऱ्याच्या वेलीवरचे दाणे त्यात गळून पडतात. पोपटांच्या चोचीतून निसटलेले भाताचे दाणेही पडतात. उन्हाने ते पाणी तापते व लाल होते. तहानेने आलेले पक्षी ते पितात आणि झाडाखाली कोसळतात, काही वेळाने शुद्धीवर येऊन उडून जातात. हे विष नव्हे, असे मनाशी ठरवून सुर ते स्वतः पितो, आणि पुढे वरुण नावाच्या तापसालाही त्यात ओढतो. म्हणून सुरा आणि वारुणी ही दोन नावे.

ही कथा निव्वळ कल्पित आहे असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्या पोकळीत पडलेली द्रव्ये पुन्हा मोजावीत : हिरडा, आवळा, मिरे. त्रिफळ्यातील दोन फळे आणि कौटिल्याच्या संभारातील एक मसाला! कथाकाराने ही नावे सहज म्हणून घेतलेली नाहीत. समकालीन मद्यशाळेत घागरीत काय पडत असे हे त्याला माहीत होते, आणि तीच सामग्री त्याने झाडाच्या पोकळीत ठेवली. आमच्या मते त्या काळच्या मसालेदार आसवाचा, अर्थशास्त्राच्या बाहेरचा, हा एक उत्तम पुरावा आहे. भट्टी येथेही नाही. ऊन, पाणी, दाणे आणि काळ एवढ्यावर पक्षी खाली पडतात.

प्राचीन भारतात ऊर्ध्वपातन होते की नाही हा वेगळा वाद आहे. जॉन मार्शल यांना तक्षशिलेच्या उत्खननात (१९१३ ते १९३४) मिळालेली मातीची भांडी जोडून भट्टीची आकृती उभी करण्यात आली; रेमंड ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये चारसद्द्याजवळील शेखान ढेरीच्या भांड्यांवरून भारत हेच ऊर्ध्वपातनाचे आद्यस्थान असावे असा तर्क मांडला. उलट जेम्स मॅकह्यू यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय मद्याच्या इतिहासात या तर्काविषयी शंका व्यक्त केली आहे. आम्हांस येथे निकाल देण्याची गरज वाटत नाही. पालि व्याख्या आणि कौटिल्याच्या कृती या दोन्ही आंबवणापाशी थांबतात, आणि तथागतांच्या काळी लोकांचे संसार जी मद्ये उद्ध्वस्त करीत होती ती आंबवलेलीच होती, एवढे आमच्या विषयास पुरेसे आहे.

याचे साक्षीदार खुद्द सागत थेर आहेत. भद्दवतिकेजवळच्या अंबतित्थ येथे त्यांनी एका भयंकर नागाचे दमन केले. ती वार्ता कोसंबीत पोहोचली तेव्हा उपासकांनी, भिक्खूंना दुर्लभ व प्रिय असे काय द्यावे, असे विचारले. छब्बग्गिय भिक्खूंनी सुचविले की कापोतिका द्यावी. कापोतिका म्हणजे प्रसन्ना, वरचेवर निवळून घेतलेली स्वच्छ सुरा. कौटिल्य प्रसन्नेचे प्रमाण देतो : बारा आढक पीठ, पाच प्रस्थ किण्व आणि सुपारीच्या झाडाची साल वगैरे संभार. घरोघरी ही सुरा पिऊन सागत थेर नगरद्वाराशी कोसळले. भिक्खूंनी त्यांना उचलून विहारात आणले व भगवंतांच्या चरणांकडे मस्तक करून निजविले. ते उलटे फिरले आणि त्यांचे पाय भगवंतांकडे झाले. ज्याने नागाला जिंकले तो आज पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय, असे भगवंतांनी विचारले आणि नियम घालून दिला. देणारे श्रद्धाळू होते आणि पेय घरचे होते, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. हा नियम गुत्त्यात घडलेल्या प्रसंगावरून आलेला नाही.

कौटिल्याची दृष्टी निराळी. कुटुंबवत्सल गृहस्थांना सणासमारंभाच्या प्रसंगी घरी श्वेतसुरा, औषधासाठी अरिष्ट करण्यास तो मोकळीक देतो. उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची सवलतही देतो. घरी केलेली आणि विकलेली यांत त्याला भेद करावा लागतो, कारण त्याचा प्रश्न महसुलाचा आहे. इंग्रज सरकारचा १८७८ चा मुंबई अबकारी कायदाही त्याच प्रश्नाचे अपत्य होय. घरची की बाजाराची हा भेद राज्यसंस्थेचा आहे. तो शीलात आणून बसविणे म्हणजे सुराध्यक्षाचे माप विहारात आणणे होय.

मग आंबलेले सर्वच वर्ज्य काय? नाही, आणि येथेच विनयाची सूक्ष्मता दिसून येते. जे मज्ज नाही पण ज्याचा रंग, वास व चव मज्जासारखी आहे, ते पिण्यात दोष नाही असे सुत्तविभंग स्पष्ट सांगतो. मज्ज नसलेल्या अरिष्टासही परवानगी आहे. महावग्गाच्या भेसज्जखंधकात आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष इत्यादींची आठ पेये मान्य केली आहेत, उसाचा रसही मान्य आहे. फुलांचे रस मान्य आहेत, फक्त एका फुलाचा अपवाद करून. ते फूल मोहाचे. गडचिरोली-मेळघाटच्या वाचकांस याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. तेव्हा कसोटी वासाची नाही आणि आंबटपणाचीही नाही. मद उत्पन्न होतो की नाही, ही आहे.

पण गोड रस मद्य होतो तो नेमका कोणत्या घटकेला? आपल्याकडे नीरा आणि ताडी यांच्यामध्ये हाच प्रश्न उभा असतो. पहाटेची नीरा मडक्याला चुना लावून न जपली तर दुपारपर्यंत ताडीच्या वाटेला लागलेली असते. संघापुढे हा प्रश्न महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी आला. वेसालीच्या वज्जिपुत्तक भिक्खूंनी ज्या दहा गोष्टी विहित ठरविल्या होत्या, त्यांत एक 'जलोगी' होती. चुल्लवग्ग तिचा अर्थ सांगतो : जी सुरा आंबविण्यास घातली आहे परंतु अद्याप मद्यभावास पोहोचली नाही, ती. म्हणजे चार दिवसांची बरणी. दहा गोष्टींपैकी सोने-रुपे स्वीकारण्याची गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली. जलोगीकडे अभ्यासकही ओझरते पाहून पुढे जातात.

वज्जिपुत्तकांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. मज्ज नसलेले अरिष्ट चालते, तर मज्ज न झालेली सुरा का चालू नये? याचे उत्तर पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांच्या समन्तपासादिकेत मिळते. आवळा इत्यादींच्या रसाचे जे अरिष्ट मुळातच मज्ज नसते, ते चालते. पण ज्यात संभार टाकला आहे ते मज्जच समजावे, आणि ते 'बीजापासून' वर्ज्य होय. बीजापासून म्हणजे संभार पडला त्या क्षणापासून. यीस्टचे नावही न ऐकता केलेली ही व्याख्या आजच्या विज्ञानाशी जुळते, कारण मद्यार्काची निर्मिती एखाद्या दिवशी एकाएकी होत नाही. विरजण लागल्यानंतर ती काही तासांतच सुरू होते आणि गोडी शिल्लक असतानाही चालू राहते.

वेसालीत मात्र निर्णय इतक्या तपशिलात गेला नाही. यस काकंडकपुत्त यांच्या प्रयत्नाने सातशे भिक्खू जमले होते. वाद लांबू लागला म्हणून पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार थेरांची समिती नेमून वालिकारामात विचार झाला. आयुष्मान रेवतांनी वयोवृद्ध सब्बकामी थेरांना विचारले, जलोगी पिणे विहित आहे काय? सब्बकामींनी प्रथम जलोगी म्हणजे काय ते विचारून घेतले, आणि मग ते विहित नाही असे सांगितले. याचा निषेध कोठे झाला, असे रेवतांनी पुन्हा विचारले. सब्बकामींनी उत्तर दिले : कोसंबीत, सुत्तविभंगात.