पेपर कुणाच्या मालकीचा? ‘दीनबंधू’ आणि ‘दीनमित्र’ची गोष्ट, आणि आपला पेपर तपासायची रीत

आंबी (ता. मावळ) : सकाळी चहाच्या टपरीवर पेपर हातात आला की आपण आधी बातमी बघतो, मग निधनवार्ता, मग बाजारभाव. शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात छापलेली ओळ कुणी वाचत नाही. पेपर कुणाच्या मालकीचा, कुणी छापला, कुठं छापला हे त्याच ओळीत असतं. ती ओळ का वाचायची, हे समजायला शेतकऱ्यांसाठी निघालेल्या दोन जुन्या पेपरांची मालकी कशी फिरली ते बघू.

दीनबंधू : पुण्यात सुरू, मुंबईत मोठा

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्याचे एक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर हे पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे. भांबुर्डे म्हणजे आजचं शिवाजीनगर. त्यांनी १ जानेवारी १८७७ रोजी ‘दीनबंधू’ साप्ताहिक सुरू केलं. शेतकरी आणि कष्टकऱ्यांची बाजू मांडणारा पेपर तेव्हा नवाच होता.

दुसऱ्याच वर्षी, १८७८ मध्ये, इंग्रज सरकारनं देशी भाषांतल्या पेपरांसाठी कडक कायदा आणला. मुद्रक आणि प्रकाशकाकडून जामीन घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. हा कायदा १८८२ मध्ये रद्द झाला. भालेकरांची खरी अडचण मात्र पैशाची होती. ज्यांच्यासाठी पेपर काढायचा त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, मग वर्गणी भरणार कोण?

१८८० मध्ये पेपर नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडं गेला आणि मुंबईतून निघू लागला. रविवारची सुट्टी मिळावी म्हणून गिरणी कामगारांना एकत्र करणारे लोखंडे ते हेच. मुंबईत रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांच्यासारख्या सत्यशोधक ठेकेदारांनी पैशाची मदत केली, म्हणून पेपर टिकला.

पेपर ज्याच्या हातात, काय छापायचं ते ठरवणारा तोच. फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणं ‘दीनबंधू’त आली, पुढची आली नाहीत. फुल्यांनी याबद्दलची नाराजी स्वतः लिहून ठेवली आहे. विचार एक, चळवळ एक, तरी शेतकऱ्याच्या सगळ्यात जळजळीत लिखाणाला आपल्याच माणसाच्या पेपरात पूर्ण जागा मिळाली नाही.

लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले. पुढं वासुदेवराव बिर्जे यांनी पेपर चालवला आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी १९०८ ते १९१२ संपादन केलं. वर्तमानपत्र चालवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

दीनमित्र : खेड्यातून निघालेला पेपर

भालेकरांचे पुत्र मुकुंदराव हे पाटील घराण्यात दत्तक गेले. त्या घरातले गणपतराव पाटील यांनी १८८८ मध्ये ‘दीनमित्र’ नावाचं मासिक काढलं होतं, पण त्यांच्या अकाली मृत्यूनं ते थांबलं. मुकुंदरावांनी तेच नाव घेऊन नोव्हेंबर १९१० मध्ये साप्ताहिक सुरू केलं आणि तरवडीतून चालवलं. तरवडी हे नेवासे तालुक्यातलं खेडं, जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर.

ग्रामीण पत्रकारितेचा इतिहास सांगताना ‘दीनमित्र’चं नाव पहिलं घेतात. अडचणी कमी नव्हत्या, तरी मुकुंदरावांनी पेपर १९६७ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत चालवला. मालक, संपादक आणि शेतकरी एकच माणूस होता आणि तो गावातच राहत होता. चूक छापली तर वाचक थेट दारात येणार! हा मोठा फायदा. तोटाही त्यातच होता : माणूस गेला आणि त्याच्याबरोबर पेपरही संपला.

म्हणजे एका पेपरला पुढचा चालवणारा मिळत गेला, पण मूळ काढणाऱ्याच्या हातून तो गेला. दुसरा शेवटपर्यंत एकाच हातात राहिला, पण त्या हाताबरोबर थांबला.

आपला पेपर कसा तपासायचा?

१. शेवटच्या पानाच्या तळाची ओळ वाचा. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईचं ठिकाण तिथं मिळतं. मालक आणि संपादक एकच आहे का वेगळे, ते बघा.

२. जुने अंक घरात असतील तर मार्चचे काढा. १८६७ च्या जुन्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापावं लागे. त्याला ‘फॉर्म ४’ म्हणतात. एक टक्क्यापेक्षा जास्त भांडवल असणाऱ्यांची नावं त्यात येतात. दोन वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवले की मालकी बदलली का ते लगेच कळतं.

३. १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू झाला आहे. छापील नियतकालिकांची नोंदणी आता ऑनलाइन, प्रेस सेवा पोर्टलवर होते.

४. मोबाइलवरची पोर्टलं या छापील नोंदणीत येत नाहीत. त्यांच्यासाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. पोर्टलवर संपर्काचा पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव दिलंय का, ते बघा. आमच्याकडंही हेच बघा.

हे कशाला बघायचं?

मावळात मोठ्या बातम्या जमिनीच्या आणि पाण्याच्या. पवना बंद जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. अशा वेळी बातमी पहिल्या पानावर येणार का आतल्या पानात दोन ओळींत, हे शेवटी पेपर ज्याच्या हातात तो ठरवतो. तालुक्याच्या बातमीदाराला बातमीबरोबर वाढदिवसाच्या जाहिरातीही आणाव्या लागतात. ज्याची पानभर जाहिरात, त्याच्याविरुद्धची बातमी छापणं सोपं नसतं.

मालक व्यापारी आहे किंवा पुढारी आहे म्हणून पेपर लगेच वाईट ठरत नाही. पण मालकाचं नाव माहीत असलं की कुठली बातमी आली, कुठली आलीच नाही, हे नीट वाचता येतं. आणि पेपर गावाचा राहावा असं वाटत असेल तर वर्गणी वेळेवर भरा. भालेकरांचा पेपर पुण्यात का टिकला नाही, ते वर सांगितलंच आहे.