१६ पेन्स की १८?

हुंडणावळ म्हटली की ती पेढीवाल्यांची बाब, असे आपण समजतो. आम्हांस मात्र रुपयाचा इतिहास निराळेच सांगतो. १९२६ साली हिल्टन यंग कमिशनने रुपयाचा दर १८ पेन्स असावा अशी शिफारस केली. कमिशनचे एक सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सांचा आग्रह धरला. १९२७ च्या कायद्याने १८ पेन्स कायम झाले.

दोन पेन्सांनी एवढे काय बिघडते? हिशेबच करून पाहू. लिव्हरपूलला १ पौंडास, म्हणजे २४० पेन्सांस, विकलेल्या कापसाचे १६ च्या दराने १५ रुपये होतात. १८ च्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. शेतसारा आणि सावकाराचे देणे मात्र रुपयांत ठरलेले. ते पैनेही घटत नाही. उलट विलायती कापड स्वस्त पडते, आणि इंग्लंडात पौंडांनी भागवावयाचा सरकारी खर्च हलका होतो.

१९२९ नंतर जगभर भाव कोसळले. दर टिकवायचा तर चलन आखडणे भाग होते. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले. रुपया मात्र १८ पेन्सांनी स्टर्लिंगला बांधलेलाच राहिला. सोन्याचा भाव चढला आणि अडलेल्या घरांतले सोने परदेशी जाऊ लागले.

खुल्या व्यापाराचा देश दर घट्ट बांधतो, तेव्हा जगातला हेलकावा भाव, मजुरी आणि कर्ज यांवर येऊन आदळतो. तो कोणी सोसायचा, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नव्हे. तो तुमचा-आमचाही आहे.