आज्ञावली स्पर्धा, शालेय

माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांनी ठराविक वेळात संगणकासाठी आज्ञावली लिहून दिलेल्या समस्या सोडविण्याची स्पर्धा. आज्ञावली म्हणजे संगणकाने क्रमाने करावयाच्या कृतींची त्याला समजेल अशा भाषेतील मांडणी होय. या स्पर्धांचे दोन प्रमुख प्रकार आहेत : एकात संघातील सर्व विद्यार्थी मिळून एकच गुणसंख्या मिळवितात, दुसऱ्यात देश संघ पाठवितो, परंतु गुण प्रत्येकाचे स्वतंत्रपणे मोजले जातात. दोन्ही प्रकारांत कसोटी लागते ती विचारपद्धतीची. तथापि या स्पर्धांत कोणाला भाग घेता आला, हे बऱ्याच अंशी यंत्र, भाषा व शिक्षक यांच्या उपलब्धतेवर अवलंबून राहिले आहे.

समस्यांचे स्वरूप : एखाद्या साखर कारखान्याच्या आवारात तीन गाड्यांतील ऊस उतरविण्यास अनुक्रमे ९, ४ व ७ मिनिटे लागतात आणि एका वेळी एकच गाडी रिकामी करता येते, असे मानू. गाड्या याच क्रमाने घेतल्यास त्यांना अनुक्रमे ०, ९ व १३ म्हणजे एकूण २२ मिनिटे थांबावे लागते. ४, ७, ९ असा क्रम लावल्यास हीच बेरीज १५ मिनिटे होते. तीन गाड्यांचे क्रम सहाच असल्याने ते सर्व तपासून पाहता येतात. दहा गाड्यांचे क्रम मात्र ३६,२८,८०० होतात. सर्वांत कमी वेळाची गाडी आधी घ्यावी, ही रीत सापडली व ती नेहमीच योग्य का ठरते हे पटले, की हजारो गाड्यांचे उत्तरही क्षणार्धात मिळते. अशा रीतीला अल्गोरिदम म्हणतात. स्पर्धेतील समस्या याहून पुष्कळच कठीण असतात. परंतु त्यांचा गाभा हाच असतो. रीत शोधण्याचे काम कागद-पेन्सिलीने होऊ शकते. संगणक लागतो तो नंतर.

सांघिक स्पर्धा : सांघिक प्रकाराचा उगम महाविद्यालयीन स्पर्धांत आहे. अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठात १९७० मध्ये झालेल्या स्पर्धेतून आंतरराष्ट्रीय महाविद्यालयीन आज्ञावली स्पर्धा विकसित झाली व तिची पहिली अंतिम फेरी १९७७ मध्ये झाली. तीन विद्यार्थी, एक संगणक व पाच तास हा तिचा प्रसिद्ध नियम आहे. संगणक एकच असल्याने एकजण आज्ञावली टंकलिखित करीत असताना दुसरा कागदावर पुढील समस्येचा विचार करतो व तिसरा लिहून झालेल्या आज्ञावलीतील चुका शोधतो. सोडविलेल्या समस्यांची संख्या समान असल्यास लागलेला वेळ विचारात घेतात. अखेर सुटलेल्या समस्येसाठी आधी सादर केलेल्या प्रत्येक चुकीच्या उत्तराबद्दल दंड म्हणून वेळ वाढविला जातो. शालेय विद्यार्थ्यांसाठी हीच पद्धत रशियाने स्वीकारली. तेथे २००० पासून शालेय संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरविली जाऊ लागली. जेथे संगणक थोडे व विद्यार्थी पुष्कळ, अशा शाळांनाही ही पद्धत सोयीची आहे.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड : बल्गेरियन गणितज्ञ ब्लागोवेस्त सेंडोव्ह यांनी १९८७ मध्ये पॅरिस येथील युनेस्कोच्या २४ व्या सर्वसाधारण परिषदेत शालेय विद्यार्थ्यांसाठी अशा ऑलिंपियाडचा प्रस्ताव मांडला. त्यानुसार पहिले ऑलिंपियाड मे १९८९ मध्ये बल्गेरियातील प्रावेत्स येथे झाले. या गावाच्या नावाचेच संगणक बल्गेरियात तयार होत असत. पहिल्या ऑलिंपियाडमध्ये १३ देशांतील ४६ विद्यार्थी सहभागी झाले होते. प्रत्येक देश जास्तीत जास्त चार विद्यार्थी पाठवितो. स्पर्धा दोन दिवस चालते; रोज पाच तासांत सामान्यतः तीन समस्या सोडवावयाच्या असतात. सुमारे निम्म्या स्पर्धकांना पदके मिळतात व सुवर्ण, रौप्य आणि कांस्य पदकांचे प्रमाण साधारणतः १ : २ : ३ असते. स्पर्धेच्या आदल्या रात्री संघनायक प्रश्नांचे आपापल्या भाषेत भाषांतर करतात. त्यामुळे अनेक देशांचे विद्यार्थी प्रश्न मातृभाषेत वाचतात.

भारतातील वाटचाल : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. शाळांत मात्र संगणक पोहोचण्यास आणखी सुमारे पाव शतक लागले. केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये सुरू केलेल्या प्रायोगिक योजनेखाली प्रारंभी सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये भारत २००२ पासून सहभागी होऊ लागला. त्या वर्षी ते दक्षिण कोरियातील याँगीन येथे भरले होते. भारतीय संघाच्या निवडीची जबाबदारी संगणनशास्त्र संशोधकांच्या ‘आयर्क्स’ या संघटनेकडे आली. तिने पहिल्या टप्प्यावर विभागीय लेखी परीक्षा ठेवली. तीत आज्ञावली न लिहिता दिलेल्या आकड्यांवरून उत्तर काढावयाचे असल्याने शाळेत संगणक नसलेल्या विद्यार्थ्यालाही बसता येत असे. पुढे संगणकावर सोडवावयाची विभागीय परीक्षाही सुरू झाली. त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा, प्रशिक्षण शिबिर व अखेर चौघांची निवड असा क्रम राहिला. यंत्राचा अडसर अशा रीतीने पहिल्या पायरीवर दूर झाला. परंतु प्रश्नपत्रिका इंग्रजीत असल्याने भाषेचा अडसर राहिला.

अहिल्यानगर जिल्हा : अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे (१७,०४८ चौ. किमी.). २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ४५.४३ लाख असून तीपैकी सुमारे ८०% ग्रामीण होती. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला व पुढे जिल्ह्यात सहकाराबरोबर शिक्षणसंस्थाही वाढल्या. राज्य शासनाने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना अनुमती दिल्यानंतर १९८३ मध्येच लोणी (प्रवरा), कोपरगाव (संजीवनी) व संगमनेर (अमृतवाहिनी) येथे अशी महाविद्यालये निघाली. त्यामुळे संगणकाचे उच्च शिक्षण शेतकरी कुटुंबांच्या आवाक्यात, तालुक्याच्या पातळीवर आले. राज्याच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमातील २०० गुणांच्या द्विलक्ष्यी संगणकशास्त्र विषयात सी++ या भाषेचा दीर्घकाळ समावेश होता. ऑलिंपियाडमध्ये प्रामुख्याने वापरली जाणारी भाषाही हीच आहे. मात्र द्विलक्ष्यी विषयाची परीक्षा पाठ्यपुस्तकावर आधारलेली असते, तर स्पर्धेत अपरिचित समस्येची रीत स्वतः शोधावी लागते. भाषा येते पण रीत शोधण्याचा सराव नाही, ही उणीव भरून काढण्यास जवळची अभियांत्रिकी महाविद्यालये उपयोगी पडू शकतात.

मराठीतील प्रयत्न : लिथुएनियात २००४ मध्ये सुरू झालेली बेब्रास (अर्थ : बीव्हर हा प्राणी) ही स्पर्धा आज्ञावली-लेखनाचे पूर्वज्ञान गृहीत धरीत नाही; चित्रे व कोडी यांच्या साहाय्याने तर्कशुद्ध विचार पारखते. काही देशांत लहान विद्यार्थी ती जोडीने सोडवितात. भारतात एसीएम इंडिया या संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमाद्वारे ही स्पर्धा घेतली जाते व तिचे प्रश्न मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले जातात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही (२०२०) आज्ञावली-लेखनाशी संबंधित उपक्रम पूर्वमाध्यमिक स्तरापासून, म्हणजे सहावीपासून, सुचविले आहेत.

प्रावेत्सपासून आजपर्यंतच्या वाटचालीत स्पर्धेतील समस्या कठीण होत गेल्या. प्रवेशाचा मार्ग मात्र लेखी परीक्षा, सामायिक संगणक व मातृभाषेतील प्रश्न या तीन उपायांनी रुंदावत गेला. ग्रामीण जिल्ह्यांच्या दृष्टीने हे उपाय महत्त्वाचे होत. कारण ते साध्या वर्गखोलीतही अमलात आणता येतात.