वकील, अशील आणि आख्यान : जॉन लँग व झाशीचा दावा

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंविषयीच्या मराठी लेखनात जॉन लँग हे नाव बहुधा ओझरते येते. ते ज्या व्यवसायामुळे झाशीत आले, त्याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः त्यांचा व्यवसाय आणि त्यांचे लेखन या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

लँग यांचा जन्म १८१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पॅरामाटा येथे झाला. लंडनच्या मिडल टेंपलमधून बॅरिस्टर होऊन ते १८४२ मध्ये हिंदुस्थानात आले. १८४५ मध्ये त्यांनी ‘मफस्सलाइट’ हे वृत्तपत्र काढले. १८५१ मध्ये आग्र्यास चाललेल्या खटल्यात त्यांनी लष्करी ठेकेदार ज्योतिप्रसाद यांचा कंपनीविरुद्ध बचाव केला आणि त्यांना निर्दोष सोडविले. पत्रकार, कादंबरीकार व वकील अशा तिन्ही नात्यांनी त्यांची कंपनी सरकारशी गाठ पडत होती.

गंगाधरराव नेवाळकर यांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी दत्तक घेतला व दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. २७ फेब्रुवारी १८५४ च्या आपल्या टिपणात डलहौसी यांनी संस्थान खालसा करण्याच्या बाजूने मत नोंदविले. दत्तकपुत्रास खाजगी मालमत्तेचा वारसा मिळेल, राज्याचा मिळणार नाही, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. राणीची बाजू १८१७ च्या तहातील वंशपरंपरागत हक्कावर उभी होती. त्याच वर्षी फारसी पत्राने निमंत्रित झालेले लँग आग्र्याहून झाशीस आले आणि पडद्याआडच्या अशिलाशी बोलले. वाटाघाट चालू असेतो निषेध नोंदवून तनखा घ्यावा, असे त्यांनी सुचविले. राणीने ते नाकारले.

परंतु हा दावा चालवावयाचा कोठे? तंजावरच्या भोसल्यांच्या प्रकरणात १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले की, राज्य ताब्यात घेणे ही सार्वभौम सत्तेची कृती असून दिवाणी न्यायालयास तिचा निवाडा करण्याचा अधिकार नाही. मद्रासच्या न्यायालयात मिळालेला विजयही त्यामुळे निष्फळ ठरला. झाशीच्या वकिलास न्यायालयच उपलब्ध नव्हते. उरला होता तो फक्त अर्ज-विनंत्यांचा मार्ग.

१८५९ मध्येच लँग यांचे ‘वाँडरिंग्ज इन इंडिया’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. तोवर अशील रणांगणात पडून वर्ष लोटले होते. झाशी न देण्याचा तो सुप्रसिद्ध उद्गार या ग्रंथात रोमन लिपीतील हिंदुस्थानीत आढळतो. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला. वेढ्याच्या काळात झाशीत असलेल्या या भिक्षुकाची राणी उघडपणे वावरणारी आहे. वकिलाची राणी पडद्यामागचा आवाज आहे. दोन्ही वृत्तान्त आठवणीतूनच लिहिलेले आहेत. त्यांची तुलना करताना कोण अधिक खरे, एवढाच प्रश्न पुरत नाही; कोण कोणत्या नात्याने तेथे उपस्थित होता, हेही विचारावे लागते.

मराठी राणीचे सर्वांत परिचित वाक्य मराठीत प्रथम नोंदले गेलेले नाही, हे आपण स्वीकारले पाहिजे. त्याने राणीचे माहात्म्य उणावत नाही. आपल्या साधनांची मर्यादा तेवढी स्पष्ट होते. न्यायालयात उभा राहू न शकलेला दावा वाचकांसमोर उभा राहिला, आणि तो मांडणारा तिचा वकीलच होता.