मुळांवरील बुरशीचा शोध

बुरशी म्हटली कीं लोणच्याच्या बरणींतील पांढरा थर, नाहीं तर पावसाळ्यांत ओल लागलेलें चामडें डोळ्यांसमोर येतें. ती नासाडी करणारी, म्हणून पुसून टाकावयाची. एकोणिसाव्या शतकांतील पंडितांचें मतही फारसें निराळें नव्हतें. आयर्लंडमध्यें १८४५ पासून बटाट्याचें पीक ज्या रोगानें बुडालें, तोही बुरशीच्याच खात्यावर मांडला गेला होता.

अशा काळांत बर्लिनच्या शेतकी महाविद्यालयांतील प्राध्यापक आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक यांच्याकडे प्रशियाच्या सरकारनें एक वेगळीच कामगिरी सोंपविली. ट्रफल नांवाचें एक सुगंधी भूछत्र जमिनीच्या पोटांत, ओक वगैरे झाडांच्या मुळांपाशीं वाढतें. धनिकांच्या ताटांत त्याला मोठें मोल. तें प्रशियांत पिकवितां येईल काय, हें फ्रांक यांनीं पाहावयाचें होतें. हेतु सगळा व्यापारी.

ट्रफल पिकविण्याची युक्ति त्यांना साधली नाहीं. पण मुळें तपासतांना असें दिसलें कीं, ओक, बीच, हेझल या झाडांच्या कोवळ्या मुळांचीं टोकें उघडीं नसतातच. त्यांवर बुरशीच्या तंतूंची घट्ट विणलेली टोपी असते आणि कांहीं तंतु पेशींच्या सांध्यांतून आंत शिरलेले असतात. जेथें ट्रफल नाहीं तेथेंही हाच प्रकार. आणि झाडें रोगट म्हणावीं तर तीं चांगलीं फोफावलेलीं! १८८५ सालीं फ्रांक यांनीं या जोड अवयवास ‘मायकोरायझा’ म्हणजे बुरशीमूळ असें नांव दिलें, आणि त्याहून धाडसी विधान केलें. झाड जमिनींतून जें पाणी व अन्न घेतें तें या बुरशीच्या द्वारें घेतें. ती झाडाला दूध पाजणारी दाईच होय. कामियेन्स्की या पोलिश शास्त्रज्ञानें १८८१ सालीं एका हरितद्रव्यहीन रोपट्याविषयीं असेंच सुचविलें होतें. परंतु रोपट्याविषयीं बोलणें वेगळें आणि जंगलांतील महावृक्षांविषयीं बोलणें वेगळें.

पुष्कळांना हें पटलें नाहीं. वनस्पति आपलें खनिज अन्न स्वतःच्या मुळांनीं घेतात, हा सिद्धान्त लीबिग यांच्या १८४० च्या ग्रंथापासून दृढ झाला होता. फ्रांक यांनीं पाइनचीं रोपें नेहमींच्या मातींत व निर्जंतुक केलेल्या मातींत लावून पाहिलीं. नेहमींच्या मातींतील रोपें सरस निघालीं. तरी उष्णतेनें मातीच बिघडली नसेल कशावरून, ही शंका उरलीच. १९०० सालीं फ्रांक वारले तेव्हां वाद मिटलेला नव्हता.

त्या वादाचा एक धागा इंदूरला येतो. तेथील वनस्पति-संशोधन संस्थेंत १९२४ ते १९३१ या काळांत अल्बर्ट हॉवर्ड यांनीं काडीकचरा, शेण व गोठ्यांतील मुरलेली माती यांचें खत करण्याची पद्धति बसविली. तिजवरील १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचें नांव आहे. त्या खताच्या ढिगांत पहिलें काम बुरशीच करते. पुढें १९४० च्या आपल्या ग्रंथांत हॉवर्ड यांनीं बुरशीमूळ हा सकस माती व सकस पीक यांमधील जिवंत पूल ठरविला, आणि कृत्रिम खतांवर कडक टीका केली. त्यांचा उत्साह पुराव्याच्या पुढें धांवत होता, हें कबूल केलें पाहिजे. मुळें बुरशी पचवून तिच्यांतील प्रथिनें घेतात, हें त्यांचें म्हणणें टिकलें नाहीं. शिवाय पिकांच्या मुळांवरील बुरशी बहुधा ओकच्या बुरशीहून निराळी. ती बाहेर टोपी विणीत नाहीं, थेट पेशींत शिरते. परंतु भरमसाट स्फुरद घातलें तर पीक या बुरशीची संगत कमी करतें, एवढें मात्र खरें ठरलें आहे.

निर्णायक पुरावा स्वीडनमधून आला. एलियास मेलिन व नील्सन यांनीं १९५० सालीं किरणोत्सर्गी स्फुरद बुरशीच्या तंतूंना दिलें. तें पाइनच्या रोपांत पोंचलें. १९५७ सालीं त्यांनींच उलट बाजूचा हिशेब मांडला: पानांनीं हवेंतून घेतलेला खुणेचा कर्ब बुरशींत सांपडला. स्फुरद मातीला चिकटून बसतें, आणि मुळाजवळचें संपलें कीं मुळाला तें दुर्मिळ होतें. केसाहून बारीक तंतु दूरवर जाऊन तें आणतात आणि मोबदला झाडानें तयार केलेल्या अन्नांतून घेतात.

तंतु मरतात, पण त्यांचे अवशेष मातींत राहतात. जंगलच्या जमिनींतील कर्ब म्हणजे मुख्यतः वरून पडलेला पालापाचोळा, अशी समजूत होती. उत्तर स्वीडनमधील सरोवरांतल्या बेटांवरील संशोधन २०१३ सालीं प्रसिद्ध झालें, तें निराळेंच सांगतें. तेथें सांठलेल्या कर्बापैकीं ५० ते ७० टक्के मुळें व त्यांच्या संगतीचे सूक्ष्म जीव यांच्याकडून आला होता. उलट, लाकूड कुजविणाऱ्या बुरश्या कर्ब हवेंत परत सोडीत असतात. एकाच कुळांत सांठवणारे आणि उधळणारे दोघेही नांदतात.

राहतां राहिलें ट्रफल. १९७० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें, रोपवाटिकेंतच ट्रफलची बुरशी मुळांवर बसविलेलीं ओक व हेझल यांचीं रोपें विक्रीस आलीं आणि त्यांखालीं ट्रफल निघूं लागलें. प्रशियाच्या सरकारनें मागविलेला माल सुमारें नव्वद वर्षांनीं, परक्या देशांत, फ्रांक यांनीं नांव दिलेल्या बुरशीमुळांवरच पिकला.