ब्लेनाव्हन : डोंगरमाथ्यावरचा उद्योगवारसा

वारसा म्हटले की किल्ले, लेणी, मंदिरे डोळ्यांसमोर येतात. दक्षिण वेल्समधील ब्लेनाव्हनचा वारसा मात्र बंद पडलेल्या भट्ट्यांचा, खाणींचा आणि खाणकचऱ्याच्या ढिगाऱ्यांचा आहे. सुमारे ३३ चौरस किलोमीटरच्या या डोंगराळ परिसराचा 'युनेस्को'ने २००० मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला.

लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी या तिन्ही वस्तू येथे जवळजवळ उपलब्ध होत्या. त्यामुळे १७८९ च्या सुमारास येथे वाफेच्या शक्तीवर चालणाऱ्या तीन झोतभट्ट्या उभ्या राहिल्या. खनिज मिळविण्याची रीतही अजब होती. माथ्यावर बांध घालून पाणी अडवीत आणि ते एकदम सोडून देत. लोंढ्याबरोबर माती वाहून जाई आणि खनिजाचा थर उघडा पडे. त्या लोंढ्यांनी कोरलेल्या घळी आजही दिसतात. तयार लोखंड ट्रामरस्त्याने, डोंगराच्या पोटातील सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून, कालव्याकडे नेले जाई. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा रसायनतज्ज्ञ चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी १८७८ च्या सुमारास येथेच प्रयोग करून फॉस्फरसयुक्त खनिजापासूनही उत्तम पोलाद बनविण्याची पद्धत सिद्ध केली. तिने जगभरच्या पोलाद उद्योगाला नवी दिशा दिली.

१९८० मध्ये 'बिग पिट' ही कोळसा खाण बंद झाली आणि गावाचा आधार तुटला. मात्र १९८३ मध्ये ती प्रेक्षकांसाठी खुली करण्यात आली. आज हे राष्ट्रीय संग्रहालय आहे. प्रेक्षक शिरस्त्राण घालून ९० मीटर खाली उतरतात. घड्याळ, मोबाइल, काडेपेटी वरच ठेवावी लागते. माहिती सांगण्याचे काम माजी खाणकामगारांनी केले, हे या संग्रहालयाचे वैशिष्ट्य. कोळसा वाहणारा जुना लोहमार्गही स्वयंसेवकांनी पुन्हा चालता केला. खाणकामगारांच्या वर्गणीतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिलेले 'वर्कमेन्स हॉल' गावात अजूनही दिमाखात उभे आहे.

इमारती जपणे त्यामानाने सोपे. अवघड आहे तो भोवतालचा डोंगर. या माळावर गावकऱ्यांना मेंढ्या चारण्याचा परंपरागत हक्क आहे. हेदरच्या झुडपांत रानकोंबड्यांच्या जातीचे 'रेड ग्राऊस' पक्षी राहतात. नेच्याची बेसुमार वाढ, वणवे, माळावर बेकायदा फिरविल्या जाणाऱ्या मोटारसायकली आणि टाकला जाणारा कचरा या सर्वांची झळ त्याला बसते. हेरिटेज लॉटरी फंडाच्या मदतीने २००९ च्या सुमारास सुरू झालेल्या 'फरगॉटन लँडस्केप्स' प्रकल्पाने स्थानिकांना या कामात ओढले. हेदरची जोपासना, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी गडग्यांची डागडुजी, पायवाटांची देखभाल आणि अवशेषांच्या नोंदी अशी कामे स्वयंसेवकांनी अंगावर घेतली.

खरा पेच आहे तो ढिगाऱ्यांचा. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधीलच ॲबरफॅन येथे खाणकचऱ्याचा ढिगारा शाळेवर कोसळून ११६ मुलांसह १४४ जण दगावले. त्यानंतर वेल्समधील अनेक ढिगारे हटविण्यात किंवा सपाट करण्यात आले. ब्लेनाव्हनचे ढिगारे मात्र वारशाचाच भाग आहेत. कोणत्या काळात काय खणले गेले आणि काय टाकून दिले, याची ती मातीत लिहिलेली नोंद आहे. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये अतिवृष्टीने शेजारच्या कुमटिलरी येथील जुना ढिगारा घसरून चिखल घरांपर्यंत आला, तेव्हा हा धोका इतिहासजमा झालेला नाही, हे दिसून आले.

म्हणून ढिगारा जपायचा तर त्यातील पाण्याचा निचरा, भेगा आणि उतार यांवर सतत लक्ष हवे. त्यासाठी अभियंत्यांची तपासणी अपरिहार्य आहेच. पण दोन तपासण्यांच्या मधल्या काळात तुंबलेला नाला किंवा नवी भेग प्रथम नजरेस पडू शकते ती रोज त्या वाटेने जाणाऱ्या मेंढपाळाच्या, पायवाट दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकाच्या.