एका नगाचे पितळकाम

मॉडेल इंजिनाचा सांगाडा, चाके आणि मोटर बसवून झाली की ते धावू लागते. पण ते अमुकच इंजिन आहे हे ओळखू येते त्यावरच्या बारीक सुट्या भागांमुळे. शिटी, वाफेचा घुमट, सेफ्टी व्हॉल्व्ह, बॉयलरवरून जाणारे पाइप, हातकठड्याच्या खुंट्या, समोरचा दिवा, विजेच्या इंजिनावरचा पँटोग्राफ हे भाग हौशी कारागीर पितळेत स्वतः घडवतो. एचओ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणात मूळ वस्तूच्या ८७ व्या हिश्श्याएवढे मॉडेल बनते. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी इंजिनाचे १७०५ मिलिमीटर व्यासाचे मोठे चाक या प्रमाणात १९.६ मिलिमीटरचे होते आणि २५ मिलिमीटरचा पाइप ०.३ मिलिमीटरच्या तारेएवढा उरतो.

युरोप, अमेरिका आणि जपानमधल्या कंपन्यांनी असे भाग मुख्यतः आपापल्या देशांतल्या इंजिनांसाठी तयार केले. भारतीय इंजिन हुबेहूब करायचे तर कारागिराला लेथपाशीच जावे लागते. रुळांपासूनच अडचण सुरू होते. बाजारात मिळणारा १६.५ मिलिमीटरचा रूळ १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय गेजसाठी आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, म्हणजे ८७ व्या हिश्श्यात सुमारे १९.३ मिलिमीटरचे. तयार रूळ वापरला तर इंजिन रुंद आणि पाय जवळ असे बेढब दिसते. तसे नको असेल तर रुळासकट सगळे हाताने करावे लागते.

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात वाहने, इंजिने, बेअरिंगे असे लाखोंच्या संख्येत निघणारे उत्पादन झाले. मॉडेल इंजिनांचा कारखानदारी धंदा तिथे उभा राहिला नाही. तरीही त्याला लागणारे कसब याच पट्ट्यात आणि त्याच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या साठत गेले. त्याचा इतिहास मोठ्या असेंब्ली लाइनवर सापडत नाही. एकच नग अचूक करणाऱ्या माणसांकडे तो शोधावा लागतो.

पुणे परिसरातल्या धातुकामाची जुनी वस्ती म्हणजे कसबा पेठेतली तांबट आळी. पेशवाईच्या काळापासून तिथे तांब्या-पितळेची भांडी घडत आली. तांबटाचे मठारकाम म्हणजे पत्र्यावर ठोके देत त्याला आकार आणि घट्टपणा आणणे. ठोक्यांनी धातू ताठर होतो, मग तो तापवून पुन्हा नरम करावा लागतो. नाहीतर पत्रा चिरतो. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते. किती ठोक्यांनंतर भांडे भट्टीत जायला हवे, हे हाताला कळत असे. मॉडेलच्या बॉयलरसाठी पाव मिलिमीटर जाडीचा पत्रा वळवणाऱ्यालाही हाच नियम पाळावा लागतो. त्या पत्र्यावर रिव्हेटांची ओळ उमटवायची तीही मागच्या बाजूने, पंचच्या समान ठोक्यांनी.

पितळेचा मोठा कारखानदारी वापर पुण्याजवळ आला तो लष्करामुळे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली स्थापन झाला. मुळा ओलांडली की पलीकडे दापोडी, आणि तिथूनच पुढे आजचा औद्योगिक पट्टा सुरू होतो. काडतुसाचे पितळ साधारण सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्ताचे असते, कारण ते खोल ओढले तरी फाटत नाही. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेला एक कोडे पडले होते. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे कोणी हात न लावता आपोआप तडकत. जनावरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण या तिघांचा हा परिणाम होता, याचा उलगडा ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये केला. उपाय म्हणजे घडवून झाल्यावर पितळ हलके तापवून ताण काढणे. तांबटाच्या भट्टीतल्या सवयीला विज्ञानाने दिलेला हा दुजोराच म्हटला पाहिजे.

या पट्ट्याला रेल्वे कारखान्यांच्या कितीतरी आधी मिळाली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा खंडाळा ते पुणे मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला आणि बोरघाट पूर्ण झाल्यावर १८६३ मध्ये तो मुंबईशी सलग जोडला गेला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस घाटमार्गावर १५०० व्होल्टची वीज आली. मालगाड्यांसाठी आलेली ४१ विजेची इंजिने, पुढे डब्ल्यूसीजी-१ म्हणून ओळखली गेलेली, मराठी मुलखात ‘खेकडा’ या नावाने प्रसिद्ध झाली. पहिली काही स्वित्झर्लंडमध्ये आणि उरलेली इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बनली. मधली पेटी, तिच्या दोन्ही टोकांना लांब नाके आणि खाली चाके जोडणारे दांडे अशी त्यांची ठेवण होती. त्यांपैकी एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आणि एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपले आहे.

पितळकाम करणाऱ्यासाठी खेकड्यासारखी परीक्षा दुसरी नाही. वाफेच्या इंजिनाला फिरणारे दांडे असतात आणि विजेच्या इंजिनाला पँटोग्राफ. खेकड्याला दोन्ही आहेत. पँटोग्राफची चौकट पितळी तारेची करता येते, पण तिचे सांधे हलते ठेवायचे आणि तरीही डगडगू द्यायचे नाहीत. स्प्रिंग फॉस्फर ब्राँझच्या तारेची लागते, कारण पितळी तार दबून तशीच राहते. दोन्ही बाजूंचे दांडे एकावर एक ठेवून, एकत्र डागून, एकाच वेळी भोके पाडावी लागतात. भोकांच्या अंतरात केसाएवढा फरक राहिला तरी चाके अडकतात.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६० च्या सुमारास दापोडी-चिंचवड भागात परदेशी सहकार्याचे यंत्रकारखाने उभे राहू लागले आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर या भागाचे रूपच पालटले. या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे १९६६ मध्ये टेल्कोचे येणे. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली ती वाफेची इंजिने बनवण्यासाठीच. जमशेदपूरच्या तिच्या कारखान्यातून मीटरगेजची वायपी आणि वायजी इंजिने बाहेर पडली, आणि १९७० मध्ये ते काम थांबले. पुण्याच्या कारखान्यात एकही रेल्वे इंजिन बनले नाही. तरीही २००३ मध्ये टाटा मोटर्स हे नाव येईपर्यंत पिंपरीच्या कामगाराच्या कंपनीच्या नावात ‘लोकोमोटिव्ह’ हा शब्द होता.

सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या कारखान्याची सुरुवात वाहनांपासून झाली नाही. आधी यंत्रे आणि प्रेसचे डाय बनवणारा विभाग उभारला गेला. दूरदृष्टीचाच हा निर्णय होता. गाड्या बनवण्याची साधने बाहेरून विकत घेण्याऐवजी ती घडवणारी माणसे आधी तयार करायची, असा त्याचा अर्थ. टूलरूम हा मोठ्या कारखान्यातला वेगळाच कोपरा असतो. बाहेर दिवसाला शेकडो नग निघत असतात. टूलरूममध्ये एकच डाय, एकच गेज, एकच फिक्स्चर आठवडेच्या आठवडे चालते. तिथल्या फिटरचे शिक्षण आयटीआयपासून कानस धरून होते. लोखंडाच्या पट्टीला काटकोन आणायचा, मग दोन तुकड्यांचा नर-मादी जोड असा बसवायचा की फटीतून उजेड दिसू नये. मॉडेलसाठी लागणारे कौशल्य नेमके हेच आहे, आणि म्हणूनच असा कारागीर घडवण्याची तयारी या पट्ट्याइतकी फार थोड्या ठिकाणी झाली असेल.

मोठ्या कारखान्यांभोवती भोसरीत आणि आसपास जॉबवर्क करणारी लहान वर्कशॉप वाढली. पितळेचे लहान भाग तिथे प्रामुख्याने ऑटोमॅट लेथवर निघत. जर्मन कंपनीच्या नावावरून त्याला सगळे ‘ट्रॉब’ म्हणतात. सळई आपोआप पुढे सरकते, कॅमच्या उंचवट्यांनुसार हत्यारे एकामागून एक येतात आणि नग कापून खाली पडतो. यासाठी लागणारी सळई काडतुसाच्या पितळेची चालत नाही. भारतीय मानक आयएस ३१९ मध्ये बसणाऱ्या फ्री-कटिंग पितळेत ५६ ते ५९ टक्के तांबे आणि दोन ते साडेतीन टक्के शिसे असते. शिशामुळे किस लांब गुंडाळत न राहता तुटून पडतो. मॉडेलसाठीही नियम तोच: लेथवर करायचे ते या सळईतून, वाकवायचे आणि ओढायचे ते सत्तर-तीसच्या पत्र्यातून. उलट केले तर सळई वाकवताना तुटते आणि पत्र्याला लेथवर चकाकी येत नाही.

घुमटाचे उदाहरण घेतले तर या कामाची खरी गोम कळते. वाफेचा घुमट वरून गोल टोपीसारखा असला तरी त्याचा पाया बॉयलरच्या गोलाईवर खोगिरासारखा बसतो. म्हणून आधी सळईच्या टोकाला बॉयलरच्या त्रिज्येएवढ्या फिरत्या हत्याराने खाच घेतात. मग सळई चकमध्ये धरून वरचा आकार कातून काढतात, पण पायाची पसरट कड जाडच सोडतात. ही कड बाजूंना खाली उतरते आणि पुढे-मागे वर चढते. ती गोल फिरवून कातता येत नाही. तिथे लेथ थांबते आणि कानस सुरू होते. कड कागदाएवढी पातळ होऊन बॉयलरमध्ये मिसळून गेल्यासारखी दिसली पाहिजे. हातकठड्याच्या खुंटीतही असाच पेच असतो: मिलिमीटरभर गोळी आणि तिच्या बरोबर मध्यातून आरपार ०.३ मिलिमीटरचे भोक. गोळी आधी कातून मग भोक पाडायला गेले तर ड्रिल घसरते, म्हणून सळई सपाट असतानाच भोक पाडतात आणि गोळी त्याभोवती कातून काढतात.

भाग तयार झाले की जोडणी येते. डाग देण्याची विद्या तांबट आणि कासारांकडे फार पूर्वीपासून होती. पितळ झाळायला टाकणखार आणि कल्हईला नवसागर ही त्यांची रोजची द्रव्ये. मॉडेलच्या कामात एकाच बॉयलरवर वीस-पंचवीस भाग बसतात, आणि नवा डाग देताना आधीचा सुटू नये म्हणून वेगवेगळ्या तापमानाला वितळणारे मिश्रधातू क्रमाने वापरतात. आधी सहाशे अंशांच्या वर वितळणारा चांदीचा डाग, मग १८३ अंश सेल्सिअसच्या आसपासचे कथील-शिसे, आणि शेवटी त्याहून खूप कमी तापमानाचे बिस्मथयुक्त मिश्रण. काम संपल्यावर सौम्य आम्लात बुडवून काळपट थर काढतात. चिंचेने पितळी भांडे उजळते त्यामागचे रसायन हेच.

प्रत्येक भाग कातून काढणे शक्य नसते. खिडक्यांच्या चौकटी, जाळ्या आणि नावाच्या पाट्या फेरिक क्लोराइडने कोरतात. छापील सर्किटच्या बोर्डासाठी वापरतात तीच रीत. वेडेवाकडे भाग मेणाच्या साच्यातून ओततात: मूळ नगावरून रबरी साचा, त्यातून मेणाचे नग, त्यांभोवती प्लॅस्टरसारखा लेप, मग मेण जाळून पितळ ओतणे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी आणि पुढे १९७० च्या दशकापासून कोरियन कारागिरांनी अमेरिकी बाजारासाठी संपूर्ण पितळी इंजिने याच तंत्रांच्या जोरावर बनवली, आणि हाताच्या कामाचा मापदंड त्यांनीच घालून दिला.

पुण्यात छोट्या रेल्वेची आवड जुनी आहे. पेशवे पार्कमधली फुलराणी ही छोटी गाडी १९५६ पासून मुलांना घेऊन धावू लागली. भाऊसाहेब जोशी यांनी १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमध्ये छोट्या रेल्वेचे संग्रहालय सुरू केले. सिग्नल, फाटक, दिवे आणि पूल असलेले छोटे शहर आणि त्यातून धावणाऱ्या वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या तिथे एकत्र दिसतात. हे संग्रहालय उपकरणे बनवणाऱ्या व्यवसायाच्या आवारात उभे राहिले, हा योगायोग मानता येत नाही. सूक्ष्म कामाची सवय असलेल्या हातांनीच अशी छोटी सृष्टी सांभाळली जाते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चाकणला बजाज, मग फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि महिंद्रा यांचे कारखाने आले. त्यांच्या पुरवठादारांकडे सीएनसी यंत्रे आणि वायरकट सर्रास झाले. वायरकट यंत्रात विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणारी तार बहुधा पितळेचीच आणि पाव मिलिमीटर व्यासाची असते. ८७ पट केली तर ती जवळजवळ २२ मिलिमीटर भरते, म्हणजे इंजिनाच्या हातकठड्याच्या दांड्याला जुळते माप. आता संगणकावर काढलेला नग थेट मेणासारख्या रेझिनमध्ये छापून पितळेत ओतता येतो, आणि घुमटाची पसरट कड कानशीशिवाय पातळ निघू शकते. ओतलेला भाग थंड होताना किंचित आक्रसतो, त्यामुळे आराखडा थोडा मोठा काढावा लागतो. ओतण्याचा देठ कापणे, बॉयलरवर नग टेकवून फट पाहणे आणि डाग देणे ही कामे मात्र अजूनही हातानेच होतात.